कोर्टाचा कागद हातात घ्या

मंडईत माल विकणाऱ्या, माल उचलणाऱ्या आणि पिशवी घेऊन रोज इथे येणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. कोर्टाचा कागद आला तर तो हातात घ्या, उघडा, वाचून घ्या, आणि त्यावरची तारीख चुकवू नका. एवढं सांगायला लेख कशाला, असं कुणाला वाटेल. पण शिवाजीनगर कोर्टात वकिली करताना मी अशी कितीतरी माणसं पाहिली आहेत, ज्यांची बाजू खरी होती, ज्यांच्याकडे कागदही होते, आणि तरी निकाल विरुद्ध गेला. कारण ती कोर्टात आलीच नव्हती.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. आपण होऊन भांडण उकरायला जाऊ नये, इथपर्यंत ती ठीक. दुसऱ्यानं आपल्यावर दावा लावला की मात्र हीच म्हण घात करते. पायरी न चढणाऱ्याच्या गैरहजेरीतही काम चालतं आणि निकाल लागतो.

एका भाजीवाल्या मावशींनी मला कनवटीचा कागद काढून दाखवला होता. आठ घड्या घातलेला, घडीघडीवर कोथिंबिरीचा हिरवा डाग. त्यांचा पहिला प्रश्न होता, “साहेब, हा घेतलाच नसता तर बरं झालं असतं ना? पोरगा म्हणतो, सही कशाला केलीस.” मी कागद उलगडून त्यांच्यापुढे धरला. वरच्या ओळीत कोर्टाचं नाव, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, पुणे. त्याखाली ‘रे. मु. नं.’ आणि वर्ष, म्हणजे दाव्याचा नंबर. मग वादीचं नाव. त्याखाली प्रतिवादी म्हणून मावशींचं स्वतःचं. खाली हजर राहायची तारीख, सकाळची वेळ आणि कोर्टाचा गोल शिक्का. हे समन्स होतं. सही केली म्हणून काही बिघडलं नव्हतं. नाकारलं असतं तर बेलिफानं तसा शेरा मारला असता, प्रत दाराला डकवली असती, आणि समन्स पोचलं असंच कोर्टानं धरलं असतं. फरक एवढाच पडला असता, की आपल्याविरुद्ध काय लिहिलंय ते मावशींना कळलं नसतं.

हे असं का चालतं, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

पुण्यात पेशवाईत वाद उभा राहिला की पंचायत बसे. पंच ओळखीतले असत, दोन्हीकडची हकिकत लिहून घेत, स्वतः विचारपूस करत, शेजाऱ्यापाजाऱ्याला बोलावून खरंखोटं काढत. १८१८ साली पेशवाई संपली. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन यानं सुरुवातीला पंचायती चालू ठेवल्या, पण १८२७ साली मुंबई इलाख्याची कायदेसंहिता आली आणि कंपनीच्या कोर्टांचं वजन वाढत गेलं. १८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट उभं राहिलं. करारांचा कायदा आणि पुराव्याचा कायदा १८७२ चे, मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा. मंडईची दगडी इमारत १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडली, तोवर आज आपण वापरतो त्यातली बरीच कायद्याची चौकट तयार झाली होती. ती इंग्लंडच्या रीतीवर बेतलेली होती. स्वातंत्र्यानंतर आपण राज्यघटना केली, कायदे बदलले, १ जुलै २०२४ पासून तर फौजदारीचे आणि पुराव्याचे कायदेही नव्या नावांनी लागू झाले. पण कोर्ट चालवायची रीत तीच राहिली.

त्या रीतीचा गाभा असा. न्यायाधीश सत्य शोधायला बाहेर पडत नाही. तो मंडईत येऊन चौकशी करत नाही, शेजारच्या गाळ्यावाल्याला विचारत नाही. दोन पक्ष त्याच्यापुढे जे मांडतील ते ऐकतो, साक्षीदारांचा सरतपास आणि उलटतपास होऊ देतो आणि त्यावरून ठरवतो. काट्याच्या दोन पारड्यांत जे घातलं असेल तेवढंच तोललं जातं. घरी राहिलेला माल काट्यावर येत नाही. तुमच्याकडे पावती असेल, साक्षीदार असेल, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असेल, पण ते कोर्टापुढे आलं नाही तर न्यायाधीशाच्या लेखी ते नाहीच. “साहेबांना सगळं माहीत आहे हो,” असं लोक म्हणतात. साहेबांना काही माहीत नसतं. माहीत असलं तरी फाइलबाहेरच्या ऐकीव माहितीवर निकाल द्यायची त्यांना मुभा नाही.

म्हणून दिवाणी समन्स आलं की पहिल्या तारखेला जायचं. जाताना सोबत आलेली दाव्याची नक्कल न्यायची. आपलं म्हणणं, ज्याला कोर्टात कैफियत किंवा लेखी जबाब म्हणतात, ते साधारणपणे तीस दिवसांत द्यायचं असतं. कारण दाखवलं तर कोर्ट मुदत वाढवतं, पण दिवाणी प्रक्रिया संहितेनं नव्वद दिवसांची मर्यादा घातली आहे आणि त्यापुढे कोर्टाची मनधरणी करावी लागते. गेलाच नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी मुदत फक्त तीस दिवसांची, आणि न येण्याला सबळ कारण लागतं. मंडईत गर्दी होती, लग्नसराई होती, ही कारणं चालत नाहीत.

दाव्याबरोबर बहुतेक वेळा आणखी एक अर्ज जोडलेला असतो, तूर्त मनाईचा. आपल्या कोर्टांत त्याला ‘निशाणी पाच’ म्हणतात. गाळ्याचा ताबा, वाटेतलं बांधकाम, सामाईक भिंत अशा वादांत खरी लढाई पुष्कळदा या अर्जावरच होते. दावा निकाली निघायला वर्षं लागतात, पण निशाणी पाचवर मनाई मिळाली तर निकालापर्यंत समोरच्याचे हात बांधले जातात. ‘स्टे मिळाला’ म्हणून पेढे वाटणाऱ्यांना माझं सांगणं आहे, तुम्ही जिंकलेला नाहीत. आणि स्टे मिळाला नाही म्हणून खचणाऱ्यांनाही तेच, तुम्ही हरलेला नाहीत. ही तात्पुरती सोय आहे. तिचा उगमही इंग्लंडातलाच. तिथली जुनी कोर्टं मुख्यतः पैशात भरपाई देत. पैशानं भागत नसे तेव्हा लोक राजाच्या चॅन्सेलरकडे दाद मागत, आणि तो ‘हे करू नकोस’ असा हुकूम देई. मात्र त्याच्याकडे जाणाऱ्याचं स्वतःचं वागणं साफ असावं लागे. हा नियम आजही जिवंत आहे. मनाई मागताना एखादा कागद दडवलात आणि तो नंतर उघडा पडला, तर बाकीचं सगळं खरं असूनही अर्ज फेटाळला जातो. वकिलापासून काही लपवू नका, ही विनंती मी अशिलांना त्यासाठीच पुन्हा पुन्हा करतो.

सगळे कागद मात्र कोर्टाचे नसतात. वकिलाची नोटीस म्हणजे समोरच्या पक्षानं वकिलामार्फत लिहिलेलं पत्र. तिच्यावर कोर्टाचा शिक्का नसतो. ‘कायदेशीर कारवाई करण्यात येईल’ असं ठळक अक्षरांत असलं तरी तो हुकूम नव्हे, घाबरायचं कारण नाही. उत्तर मात्र द्यावं, कारण गप्प बसणं पुढे आपल्याविरुद्ध वापरलं जातं. चेक न वटल्याची नोटीस असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष अजिबात नको. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांत समोरच्यानं नोटीस पाठवायची, ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्ही पैसे द्यायचे, नाही दिलेत तर पुढच्या एका महिन्यात त्यानं फौजदारी तक्रार करायची, असा क्रम १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात आहे. ते पंधरा दिवस ही तुमची शेवटची सुटकेची वाट असते.

इथे कोऱ्या चेकबद्दल बोलायलाच हवं. सकाळी भांडवल द्यायचं आणि रोज संध्याकाळी वसूल करायचं, असा धंदा करणारे बाजारात फिरतात आणि हमी म्हणून सही केलेला कोरा चेक मागतात. कृपा करून देऊ नका. ‘सही माझी आहे, पण रक्कम मी लिहिली नव्हती’ हा बचाव तुम्हाला वाटतो तितका भक्कम नाही. सही कबूल झाली की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कायदा गृहीत धरतो आणि तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. स्वखुशीनं दिलेल्या कोऱ्या चेकलाही हे लागू पडतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आहे. सावकारीचा परवाना नसलेल्या माणसानं व्याजाचा धंदा करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. पण तो वाद तुम्ही उभा करेपर्यंत तुमचा चेक बँकेत गेलेला असतो.

जबाबदारी कुणावर, हा प्रश्न प्रत्येक खटल्यात पहिला. दिवाणीत, म्हणजे पैसा, जागा, करार, वाटणी अशा वादांत, वादीचं म्हणणं प्रतिवादीपेक्षा जास्त संभवनीय वाटलं तरी पुरतं. फौजदारीत तेवढ्यानं भागत नाही. तिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. म्हणून सरकारनं गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचा, आणि तोवर आरोपी निर्दोष. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९३५ च्या वूल्मिंग्टन खटल्यात हे तत्त्व पक्कं बजावलं, आपली कोर्टंही ते पाळतात. त्यामुळे ‘फौजदारीत सुटला, तरी दिवाणीत पैसे भरायला लागले’ असं घडू शकतं, आणि त्यात विसंगती नाही. दोन ठिकाणचं माप वेगळं आहे.

मंडईला ज्यांचं नाव आहे ते फुले आणि मंडईपाशी ज्यांचा पुतळा आहे ते टिळक, या दोघांना जोडणारा एक खटला इथे आठवतो. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’त मजकूर छापून आला. महाराजांचा छळ चाललाय, असा आरोप होता. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. टिळक आणि आगरकर ऐन पंचविशीतले, हेतू स्वच्छ, कळकळ खरी. पण ज्या पत्रांच्या आधारावर त्यांनी लिहिलं होतं ती बनावट निघाली. आरोप खरा असल्याचं सिद्ध करायचं ओझं आरोप छापणाऱ्यावर होतं आणि हातातला पुरावाच खोटा ठरला. १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. एवढ्या मोठ्या माणसांचा चांगला हेतू जर कोर्टात पुराव्याची जागा घेऊ शकला नाही, तर आपण व्हॉट्सअॅपवर आलेला कुणाच्या बदनामीचा मजकूर पुढे ढकलताना दहा वेळा विचार करायला हवा.

याच खटल्यात दोघांना जामिनाची गरज पडली तेव्हा धावून आले ते जोतीराव फुले. टिळकांच्या आणि त्यांच्या मतांत जमीनअस्मानाचं अंतर होतं. तरी फुल्यांनी सत्यशोधक समाजातले रामशेठ बापूशेठ उरवणे यांना पुढे केलं आणि उरवण्यांनी दहा हजार रुपयांचा जामीन भरला. त्या काळचे दहा हजार! सुटकेनंतर सत्यशोधकांनी टिळक-आगरकरांचा सत्कारही केला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जामीन म्हणजे आरोप मान्य करणं नव्हे, आरोपीची मतं मान्य करणंही नव्हे. खटला चालेपर्यंत माणूस बाहेर राहावा आणि तारखेला हजर व्हावा, एवढाच त्याचा अर्थ. हे फुल्यांना नेमकं कळलेलं होतं. आज मंडईत कुणाचा पोरगा पकडला गेला की लोक आधी ‘केलं असेल काहीतरी’ म्हणून बाजूला होतात. जामीनदार होण्यात कमीपणा नाही. मात्र जोखीम समजून व्हा. आरोपी हजर राहिला नाही तर जामिनाची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. ज्याला ओळखता त्याच्यासाठीच उभे राहा. पैसे घेऊन अनोळखी माणसाच्या कागदावर सही मारू नका.

पोलिसांनी पकडलं तर तीन गोष्टी घरच्या सगळ्यांना पाठ असाव्यात. अटकेचं कारण सांगायला पोलीस बांधील आहेत. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावंच लागतं, हे राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. आणि गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, उपकार नाही. तुम्ही स्वतः फिर्याद द्यायला गेलात तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

आता उधारी. मंडईतला सगळ्यात मोठा कायद्याचा प्रश्न मला विचाराल तर हा आहे, आणि याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात.

करार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्टँपपेपर येतो. खरं तर मेथीची जुडी घेताना तुम्ही पूर्ण करार करता. बाई ओरडते, “वीसला जुडी.” इंग्लिश कायद्याच्या दृष्टीनं हा अजून करार नाही, नुसतं बोलावणं आहे. गिऱ्हाईक म्हणतं, “तीसला दोन द्या.” हा झाला प्रस्ताव. बाई “घ्या” म्हणत पिशवीत जुड्या टाकते. ही स्वीकृती. एका बाजूनं माल, दुसऱ्या बाजूनं पैसे, हा मोबदला. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, तिन्ही आले आणि दोन्हीकडची माणसं सज्ञान असली, की तोंडी करारही १८७२ च्या कायद्याप्रमाणे पक्का. जुड्या पिशवीत पडल्यावर बाईला “आता चाळीसच लागतील” म्हणता येत नाही आणि गिऱ्हाइकाला “पंचवीसच देतो” म्हणता येत नाही.

अडचण करार होण्याची नसते, तो सिद्ध करण्याची असते. खानावळवाला रोज पंधरा किलो कांदा, दहा किलो बटाटा उचलतो, महिन्याला हिशेब करतो, मग दोन महिन्यांनी करतो, मग फोन उचलत नाही. तुम्ही म्हणता, “माझ्या वहीत सगळं लिहिलंय.” वही महत्त्वाची आहेच, नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद पुराव्यात येते. पण पुराव्याचा कायदा स्पष्ट सांगतो, की नुसत्या वहीतल्या नोंदीवर कुणाच्या डोक्यावर देणं लादता येणार नाही. जोडीला दुसरं काही हवं. चलनावर “माल मिळाला” आणि त्याची सही, त्यानं पाठवलेला मेसेज, आधीच्या महिन्याचे बँकेत जमा झालेले पैसे, माल पोचवणारा पोऱ्या साक्षीदार म्हणून. फोनमधले मेसेज पुसू नका आणि फोन बदललात तरी जुना टाकून देऊ नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर त्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं आणि ते देताना मूळ फोन हाताशी असला की काम सोपं होतं.

दुसरी गोष्ट मुदतीची. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा साधारण तीन वर्षांत लावायचा. तीन वर्षं उलटली की देणं खरं असूनही कोर्ट तुम्हाला दार उघडत नाही. आपल्याकडे ओळखीपाळखीत, गावकीत, “देईल हो, कुठे पळून चाललाय” म्हणत चार वर्षं सहज निघून जातात. याला एक साधा उपाय कायद्यानंच ठेवला आहे. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याकडून हिशेबाच्या खाली लिहून घ्या, की अमुक तारखेअखेर अमुक रुपये देणं बाकी आहे, आणि सही घ्या. त्या सहीच्या तारखेपासून तीन वर्षं पुन्हा नव्यानं मोजली जातात. दर दिवाळीला, वहीपूजनाच्या आसपास, मोठ्या उधारीवाल्यांच्या अशा सह्या घ्यायची रीत ठेवा. माणूस प्रामाणिक असेल तर त्याला राग यायचं कारण नाही.

आणि दावा जिंकलात तरी पैसे आपोआप खिशात येत नाहीत. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते. त्याला बारा वर्षांची मुदत आहे, पण तोवर थांबणाऱ्याला समोर जप्त करायला काही सापडेल याची खात्री नसते.

पथारीवाल्या बांधवांसाठी एक वेगळा मुद्दा. इंग्लंडातून आलेल्या रीतीचं मोठं वैशिष्ट्य हे, की कायदा फक्त विधिमंडळात तयार होत नाही, निकालांतूनही घडतो. वरच्या कोर्टानं एखादा प्रश्न सोडवला की खालच्या कोर्टांनी तसाच प्रश्न आला तर तसंच उत्तर द्यायचं. सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक, हे घटनेच्या १४१ व्या कलमात लिहिलेलं आहे. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्क येतो. महापालिकेला लोकांना हटवता येईल, पण रीतसर, म्हणणं मांडायची संधी देऊन. हा निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, पुण्यात जन्मलेले आणि इथल्याच आयएलएस लॉ कॉलेजात शिकलेले. १९८९ मध्ये दिल्लीच्या सोदन सिंग खटल्यात आणखी पुढे जाऊन म्हटलं गेलं, की रस्त्यावर माल विकणं हा वाजवी बंधनांच्या अधीन राहून धंदा करण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. अशा निकालांच्या वाटेनंच २०१४ चा पथविक्रेता कायदा आला.

त्या कायद्यातल्या कामाच्या गोष्टी लक्षात ठेवा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत पथविक्रेत्याला हटवता येत नाही. हटवायचं किंवा दुसरीकडे बसवायचं तर तीस दिवसांची नोटीस. माल उचलला तर जागेवरच त्याची यादी करून सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यायची. शुल्क भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करायचा. म्हणजे माल उचलणारी पालिकेची गाडी आली तर ढकलाढकली करू नका, आधी यादी मागा. यादी हातात असेल तर संध्याकाळी मेथी परत मागायला तोंड आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका. तिथे कोण बसतं, कुणी निवडून दिलं, हे विचारायचा तुमचा हक्क आहे.

निवाड्यांबद्दल एक सावधगिरी. “शेजारच्याला स्टे मिळाला, मग मलाही मिळणारच,” हे गणित बरोबर नाही. पुढच्यांना बांधून ठेवतो तो अंतिम निकालात सांगितलेला नियम. शेजाऱ्याच्या फाइलमधला तात्पुरता आदेश तसा नसतो. शिवाय त्याच्याकडे प्रमाणपत्र असेल, तुमच्याकडे नसेल, आणि एवढ्या एका फरकावर उत्तर बदलतं.

गाळ्यांच्या बाबतीत थोडक्यात. भाडेपट्ट्यानं जागेत हक्क निर्माण होतो, परवान्यानं फक्त वापरायची मुभा मिळते. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय यापेक्षा ताबा प्रत्यक्षात कसा दिलाय हे कोर्ट बघतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आणि कुलमुखत्यारपत्रावर मालमत्ता विकत घेतली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्वच्छ सांगितलं आहे. पालिकेचा गाळा कुणी ‘तुमच्या नावावर करून देतो’ म्हणून स्टँपपेपर पुढे केला, तर पैसे मोजण्याआधी पालिकेच्या दफ्तरी हस्तांतराला परवानगी आहे का ते लेखी विचारा.

पेठांमधल्या कितीतरी घरांतली मुलं आता इंग्लंडात आहेत. तिथे त्यांच्या हाती असा कागद पडला तर आईवडिलांनी इथून घाबरू नये. रीत ओळखीची आहे. वादीला तिथे १९९९ पासून ‘क्लेमंट’ म्हणतात. इंग्लंड-वेल्समध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचे बहुतेक पैशांचे दावे लहान दाव्यांच्या सोप्या पद्धतीनं चालतात, तिथे वकील नसला तरी चालून जातं. वकिलांचे दोन प्रकार, पक्षकाराचं काम मुख्यतः हाताळतो तो सॉलिसिटर, वरच्या कोर्टांत उभा राहतो तो बॅरिस्टर. गंभीर गुन्ह्यांत बारा नागरिकांची ज्युरी बसते, जी आपल्याकडे राहिली नाही. टिळकांच्या १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांची होती आणि सात विरुद्ध दोन अशी फुटली होती. स्कॉटलंडचे कायदे मात्र वेगळे, मुलगा एडिंबरोला असेल तर तिथलाच सल्ला घ्यायला सांगा.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला उत्पन्न कितीही असो फुकट वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, मुलं, अपंग, कारखान्यातले कामगार, कोठडीत असलेला माणूस यांनाही. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि १५१०० हा मदतीचा नंबर देशभर चालतो. समोरचा तयार असेल तर लोकअदालतीत तडजोड करा. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील होत नाही, आणि दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. सही करण्यापूर्वी अटी मात्र शब्दन् शब्द वाचून घ्या, कारण अपील नाही ही गोष्ट दोन्हीकडून लागू पडते.

वकिलाकडे किंवा प्राधिकरणात जाताना समन्स आणि त्यासोबतची दाव्याची नक्कल न्या. समन्स कुणी घेतलं आणि कोणत्या दिवशी, ते पाकिटावर लिहून ठेवा. मूळ पावत्या घरी ठेवा, झेरॉक्स न्या; मूळ द्यावीच लागली तर पोच घ्या. वकीलपत्रावर सही करण्याआधी त्यात दाव्याचा नंबर लिहिलेला आहे ना ते बघा. आणि प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर असतो, तो मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, आदेश झाला असेल तर तो, सगळं तुमच्या फोनवर दिसतं. घरातल्या शिकणाऱ्या पोराला हे काम सांगा. मावशींच्या नातीनं ते पाच मिनिटांत करून दाखवलं होतं.